चामड्यासाठी छताला भोक

चामड्याची सीट हवी असेल तर माणसाला आधी गाडीच्या छताला भोक पाडून घ्यावं लागतं, हे ज्ञान नोंदसाहेबांना वयाच्या पन्नाशीनंतर झालं, आणि झालं तेही भर शोरूममध्ये, उभ्या उभ्या, कागदी कपातला चहा हातात असताना. तो चहा त्यांनी प्यायला नाही. रागाच्या भरात शेजारच्या कुंडीत ओतला. कुंडीतलं झाड खोटं निघालं, कुंडीही तळाशी फुटकी निघाली, आणि चहा पांढऱ्याशुभ्र फरशीवरून वाहत वाहत विक्रेत्याच्या चकचकीत बुटांपर्यंत गेला.

नोंदसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि समोर येईल त्या संतापलेल्या माणसाला ते सगळ्यात आधी हेच सांगत आले, "आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे." त्यावरून लोकांनी त्यांना हे नाव चिकटवलं. माणूस वाईट नाही. ओरडत आलेल्याला ते बसायला खुर्ची देत, प्यायला पाणी देत (खात्यात पाणी असेल त्या दिवशी), आणि 'नाही' हा शब्द चुकूनही न उच्चारता त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवत. या कलेत त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. सांगायचं कारण एवढंच, की या प्रकरणात हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि तिथून दिसणारं दृश्य त्याला अजिबात आवडलं नाही.

आता चामडं कशासाठी? हा प्रश्न पुढे सगळ्या वसाहतीने विचारला आणि कुणालाही उत्तर मिळालं नाही. वाचकांना सांगायला हरकत नाही. ते काही आईकडे जाऊन चहाडी करणार नाहीत.

नोंदसाहेबांची आई शाळेत कवायत शिकवायची. मैदानाच्या एका टोकाला ती "पाठ ताठ!" म्हणाली की दुसऱ्या टोकाला फाटकाबाहेरचा भाजीवालासुद्धा ताठ व्हायचा. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चालणं सुधारलं, जिनेही जमायला लागले, पण गाडीत बसणं काही जमेना. डॉक्टरांनी शिकवलं होतं की आधी सीटच्या कडेवर पाठमोरं टेकायचं आणि मग दोन्ही पाय जुळवून, कंबर न पिळता, सगळं अंग एकदम आत वळवायचं. जुन्या गाडीची सीट मखमली. त्या मखमलीला कपडे असे चिकटायचे की आई जागच्या जागी अडकायची, निम्मी गाडीत आणि निम्मी रस्त्यावर. मग सूनबाई बाहेरून ढकलायची, नोंदसाहेब आतून बगलेत हात घालून ओढायचे, आणि येणारे-जाणारे थांबून "थोडं डावीकडून घ्या" असं सांगायचे. कपाट जिन्यातून वर चढवताना सांगतात ना, अगदी तसं.

असं काही वेळा झाल्यावर आईने बाहेर पडणंच सोडलं. दर गुरुवारी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीकडे, शाळेतल्या गाण्याच्या बाईंकडे, पत्ते खेळायला जायची. दोघी एकमेकींवर लबाडीचा आरोप करत, भांडत, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा बसत. "कंटाळा आला मला त्या पत्त्यांचा," असं म्हणून आईने तेही बंद केलं, आणि दुपारभर पलंगावर एकटीच पत्ते मांडून बसू लागली. एकटीने खेळताना लबाडी करायलाही मजा येत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. नोंदसाहेब ते दारातून बघायचे.

मग एकदा दवाखान्यात जायला भाड्याची गाडी बोलावली. तिची सीट चामड्याची होती. आई पाठमोरी टेकली, पाय जुळवले, आणि सुळकन आत! कुणाचा हात नाही, ढकलणं नाही. ती स्वतःच इतकी चकित झाली, की उतरायच्या ठिकाणी ती उतरली, पुन्हा बसली आणि पुन्हा उतरली. "बघितलंस?" ती म्हणाली. ऑपरेशननंतर तिला असं हसताना नोंदसाहेबांनी पहिल्यांदा पाहिलं. चामड्याची सीट घ्यायची हे तिथंच, त्या फुटपाथवर ठरलं.

आईची अट एकच होती. "माझ्या कमरेची चर्चा चारचौघांत करायची नाही. अख्ख्या गावाला मी ताठ उभं राहायला शिकवलंय. कुणाला कळलं तर माझ्याशी गाठ आहे."

जुनी गाडी मेहुण्याने तत्परतेने नेली. नेताना तिच्यात आठ दोष दाखवले आणि नेली मात्र पळवल्यासारखी. त्यानंतर नोंदसाहेब शोरूममध्ये गेले आणि टायवाल्याच्या तावडीत सापडले.

या टायवाल्याच्या टायवर छोट्या छोट्या गाड्यांची चित्रं होती आणि बोलताना तो दर वाक्याला 'सर' ठोकायचा.

"सर, लेदर फक्त टॉप मॉडेलला येतं."

"मला टॉप मॉडेल नको. हे सगळ्यात साधं द्या, फक्त सीट चामड्याची लावा."

"लेदर पॅकेजमध्ये आहे, सर."

"मग पॅकेज द्या."

"पॅकेज टॉप मॉडेलमध्ये आहे, सर."

"बरं, त्या पॅकेजमध्ये दुसरं काय काय आहे?"

टायवाल्याचा चेहरा उजळला. छताला उघडणारी काच, आतमध्ये रंग बदलणारे दिवे, लाथ मारली की उघडणारी डिकी, मोठी चाकं, आणि आपण बोललो तर आपल्याशी बोलणारी गाडी.

"मला गाडीशी बोलायचं नाही," नोंदसाहेब म्हणाले. "घरात बोलणारी माणसं आहेत. आणि छताला भोक कशाला? पाऊस आला तर?"

"बंद करता येतं, सर."

"मी ते बंदच ठेवणार. मग पाडता कशाला?"

"सर, लोकांना आकाश बघायला आवडतं."

"गाडी चालवताना?"

चहा कुंडीत गेला तो इथे. पण नोंदसाहेब हार मानणारे नव्हते. त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला की हे चामडं नेमकं कुणाचं? गाईचं, की म्हशीचं?

टायवाला घुटमळला. "सर, म्हणजे… तसं कुणाचंच नाही. लेदरसारखं आहे."

म्हणजे जे चामडं नाहीच, त्याच्यासाठी माणसाने छताला भोक पाडून घ्यायचं आणि डिकीला लाथा मारत फिरायचं! अहो, पायात एक चप्पल घ्यायची तर कुणी म्हणतं का, की चपलेबरोबर टोपी, छत्री आणि पोपट घ्यावाच लागेल? गाडीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं हे ऐकून मान डोलावतात आणि सही करतात. नोंदसाहेबांनी सही केली नाही. त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला.

आधी बरंच संगीत ऐकावं लागलं. मग एक गोड आवाज आला, "आपला संताप आम्ही समजू शकतो." नोंदसाहेब दचकले. हे वाक्य त्यांचं होतं. "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे." हेही त्यांचंच. "विभागाकडून आपल्याशी लवकरच संपर्क केला जाईल." संबंधित विभाग म्हणून जगात काही नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? इतकी वर्षं त्यांनी हजारो माणसांना त्याच विभागाकडे पाठवलं होतं आणि एकही माणूस तिथून परत आला नव्हता.

"बाई, 'लवकरच' म्हणजे कधी?" त्यांनी विचारलं.

"प्रक्रिया सुरू आहे, सर."

नोंदसाहेबांनी फोन आपटला. आपल्याच हत्याराने आपल्याला कुणी मारावं, आणि इतक्या गोड आवाजात मारावं, याचा संताप त्यांना जेवणाच्या ताटापर्यंत पुरला.

तोवर वसाहतीत बातमी पसरली होती. कशी पसरली ते विचारू नका. वसाहतीत पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही पण बातमी चढते. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. काकांचं वैशिष्ट्य असं, की त्यांनी विकत घेतलेल्या कुठल्याही वस्तूवरचं प्लास्टिक आजवर निघालेलं नाही. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक, फ्रिजच्या दारावरचं निळं प्लास्टिक पिवळं पडलं तरी तसंच. त्यांच्या सोफ्यावर बसलं की चर्रचर्र आवाज होतो आणि उन्हाळ्यात उठताना माणसाची कातडी सोफ्यालाच राहते की काय अशी भीती वाटते. नोंदसाहेबांनी त्यांना अनेकदा तोंडावर सुनावलं होतं, "काका, वस्तू वापरायला असते, जपायला नसते. प्लास्टिक न काढणारी माणसं मला बघवत नाहीत." काका त्या वेळी फक्त हसले होते.

"चामडं म्हणे?" काका आता म्हणाले. "चामडं तापतं. आणि नखं लागली की संपलं. तुमच्याकडे कुणाची नखं वाढलेली आहेत का?"

"नाही."

"वाढतील. मी म्हणतो, साधी गाडी घ्या आणि बाजारातून कव्हरं शिवून घ्या. माझ्या ओळखीचा आहे एक."

हा सल्ला, खोटं कशाला बोला, वाईट नव्हता. नोंदसाहेब तो घेऊन शोरूममध्ये गेले. टायवाल्याने दुःखाने मान हलवली. बाहेरून काहीही बसवलं की वॉरंटी संपली.

"सीटची?"

"सगळ्या गाडीची, सर."

"सीटला कव्हर घातलं म्हणून इंजिनाची वॉरंटी जाते? इंजिन काय सीटवर बसतं?"

"पॉलिसी आहे, सर."

मेहुणा मखमली सीटवर बसून भेटायला आला आणि म्हणाला, "भाऊजी, रागावू नका, पण या वयात हा शौक शोभत नाही." शेजारच्या प्राध्यापिकाबाईंनी जिन्यात अडवून मुक्या जनावरांवर व्याख्यान दिलं. हे चामडं कुठल्याच जनावराचं नाही, असं नोंदसाहेब सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "मग खोट्या प्रतिष्ठेसाठी एवढा अट्टहास?" याला काय उत्तर द्यायचं? खरं चामडं घेतलं तर क्रूर, आणि खोटं घेतलं तर ढोंगी. कचेरीत तर कहर झाला. साहेबांनी दार लावून घेऊन विचारलं, "लेदर सीट म्हणे? जपून हं. आपल्या खात्यात कुठंतरी पाणी मुरतंय असं लोक बोलायला लागलेत." ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खात्याची टाचणीसुद्धा घरी नेली नाही, त्याला हे ऐकावं लागलं.

एक वाक्य बोललं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. 'आईला बसता येत नाही म्हणून.' ते वाक्य नोंदसाहेबांच्या ओठांपर्यंत रोज यायचं आणि रोज ते गिळायचे. गिळून गिळून त्यांना पित्ताचा त्रास सुरू झाला.

घरी बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका ना एकदाचं. लोक काय खाणार आहेत आईंना?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "मला ऐकू येतंय!"

दोघंही ताठ झाले.

शेवटी कंपनीकडून खरोखरच उत्तर आलं. नोंदसाहेबांना धक्का बसला, कारण त्यांच्या खिडकीतून असं कधी झालं नव्हतं. आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला आहे, असं त्यात म्हटलं होतं. अपवाद म्हणून, खास बाब म्हणून, साध्या मॉडेलला चामड्याचं वेष्टन देण्यात येईल. कशाला, तर स्टिअरिंगला आणि गिअरच्या दांड्याला.

"आता आईला गिअरच्या दांड्यावर बसवू का?" नोंदसाहेब एवढ्या मोठ्याने ओरडले की काका वरून डोकावले.

"कुणाला बसवताय?"

"कुणाला नाही!"

संताप फार झाला की माणूस एक तर भांडतो, नाहीतर शरण जातो. नोंदसाहेब शरण गेले. घ्या म्हणाले, छताला भोक घ्या, दिवे घ्या, गाडीशी गप्पा मारू, पण आई गुरुवारी बाहेर पडली पाहिजे. जन्मभर काटकसरीने राहिलेला माणूस टॉप मॉडेल घ्यायला निघाला, आणि बसून बघायला म्हणून आईला भाड्याच्या गाडीने शोरूममध्ये घेऊन गेला. आईने ठेवणीतले कपडे घातले होते. पिशवीत पत्त्यांचा जोड होता. "असू दे बरोबर," ती म्हणाली.

टॉप मॉडेल एका गोल व्यासपीठावर उभं होतं आणि दिव्यांच्या झोतात हळूहळू फिरत होतं. टायवाल्याने ते थांबवलं आणि दार उघडलं. मोठ्या चाकांमुळे गाडी हातभर उंच झालेली. आणि सीट? सीटच्या दोन्ही कडांना जाडजूड कठडे होते, अंगावर चाल करून येणारे. आईने पाठमोरं होऊन टेकायचा प्रयत्न केला. उंचीमुळे टाच उचलावी लागली. कशीबशी ती कठड्यावर टेकली आणि तिथंच थांबली, भिंतीवर बसल्यासारखी. आत वळायला जागाच नव्हती.

"हे कठडे कशाला?" नोंदसाहेबांचा आवाज चिरकला.

"स्पोर्ट्स सीट आहे, सर. वळणावर माणूस घसरू नये म्हणून."

घसरू नये म्हणून! म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी या माणसाने वसाहतीत, कचेरीत आणि सासुरवाडीत अब्रू घालवली, तीच गोष्ट होऊ नये म्हणून कंपनीने जास्तीचा खर्च केला होता. आणि हे मूर्ख चामडं त्या कठड्यांच्या मध्ये कशाला लावलं होतं, ते देव जाणे.

"आजी, उचलू का मी?" टायवाल्याने हात पुढे केले.

आईने त्याच्याकडे बघितलं. हात आपोआप मागे गेले आणि टाय सरळ झाला. ती व्यासपीठावरून एकटी खाली उतरली, म्हणाली, "मला जरा बसायचंय," आणि मान वर ठेवून शोरूमच्या मागच्या दाराकडे चालू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते फक्त नोंदसाहेबांनी पाहिलं. त्या क्षणी त्यांना वाटलं की ते व्यासपीठ, ती गाडी आणि तो टाय असं सगळं एकत्र बांधून खात्याच्या टाकीत बुडवावं.

मागच्या अंगणात नुकत्याच उतरवलेल्या गाड्या उभ्या होत्या, धुळीने माखलेल्या. सगळ्यात साध्या मॉडेलची एक गाडी दार उघडं टाकून उभी होती. सीट कापडी, पण कारखान्यातलं प्लास्टिक अजून तिच्यावर ताणून बसवलेलं. आईला फक्त टेकायचं होतं. ती पाठमोरी टेकली, सवयीने पाय जुळवले, आणि सुर्रकन आत! भाड्याच्या गाडीपेक्षा दुप्पट वेगाने. नोंदसाहेब धावत पोचले तेव्हा ती आत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत.

"ही घे," ती म्हणाली.

"पण आई, हे तर नुसतं प्लास्टिक…"

"प्लास्टिकसकट घे."

घरी हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे जुन्याच गाडीत प्लास्टिक अंथरलं असतं तर…?" नोंदसाहेबांनी तिच्याकडे असं काही बघितलं की तिने वाक्य तिथंच सोडलं आणि कपडे घड्या करायला घेतले.

गाडी मिळायच्या दिवशी आई होती, बायको होती, आणि कुणी न बोलावता काका होते. नोंदसाहेबांनी टायवाल्याला बजावून ठेवलं होतं की सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. टायवाला 'येस सर' म्हणाला होता. 'येस सर' म्हणजे काय, हे खिडकीमागच्या माणसाला कळायला हवं होतं. ते पोचले तेव्हा निळ्या गणवेशातला एक कर्मचारी मागच्या सीट सोलून मोकळा झाला होता आणि कटर घेऊन पुढच्या सीटकडे वळत होता.

"थांबा!" नोंदसाहेब गरजले. "प्लास्टिक काढायचं नाही!"

"सर, ते काढल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही," टायवाला म्हणाला. "तपासणी झाल्याशिवाय किल्ली देता येत नाही. पॉलिसी आहे."

कर्मचाऱ्याने कटर टेकवला. आणि मग पाणीपुरवठा खात्याचे ज्येष्ठ अधिकारी, ज्यांनी खिडकीमागून कधी कुणाशी आवाज चढवून भांडण केलं नव्हतं, त्यांनी उघड्या दारातून स्वतःला त्या सीटवर झोकून दिलं. पालथे. हातापायांनी सीट कवटाळून. गाडी देतानाचा फोटो काढायला उभ्या असलेल्या फोटोग्राफरने नेमकं त्याच वेळी बटण दाबलं.

शोरूम थांबलं. दुसऱ्या गाड्या बघणारी माणसं इकडे वळली. व्यवस्थापक काचेच्या खोलीतून धावत आला. "सर, काय झालं? एवढ्याशा प्लास्टिकसाठी? काही खास कारण आहे का?"

खास कारण दोन पावलांवर उभं होतं, पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले. नोंदसाहेबांनी मान वर करून आईकडे बघितलं. तिची बोटं पिशवीच्या बंदावर आवळली होती.

"कारण?" नोंदसाहेब सीटवरूनच ओरडले. "मी चिक्कू आहे, हे कारण! कंजूष आहे मी! महाकंजूष! मला माझी सीट नवी ठेवायचीय, जन्मभर! आहे काही म्हणणं? काढा फोटो, अजून काढा! पण या प्लास्टिकला हात लावाल तर याद राखा!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या डोळ्यांत मात्र आनंदाश्रू उभे राहिले. ते पुढे झाले, नोंदसाहेबांच्या पाठीवर (तीच काय ती वर होती) थोपटून म्हणाले, "आलात ना शेवटी आमच्यात! मला माहीत होतं." व्यवस्थापकाने हताशपणे कर्मचाऱ्याला कटर खाली ठेवायची खूण केली.

नोंदसाहेबांना वाटलं, आता तरी आई बोलेल. एक शब्द. 'माझ्यासाठी करतोय तो' एवढं जरी म्हणाली तरी पुरे.

आई बोलली. सगळ्या शोरूमला ऐकू जाईल अशा मैदानातल्या आवाजात बोलली, "लक्ष देऊ नका. लहानपणापासून असाच आहे. खोडरबरसुद्धा वेष्टनातून काढायचा नाही."

हे धादांत खोटं होतं. खोडरबर तर तो खायचा. पण नोंदसाहेब उठले, शर्ट खाली ओढला, आणि लाल चेहऱ्याने किल्ली घेतली. आई सीटच्या कडेवर टेकली, पाय जुळवले, सुर्रकन आत गेली आणि दार स्वतः ओढून घेतलं. बघणाऱ्यांपैकी कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. मागे बायको आणि काका बसले. त्यांना वसाहतीच्या फाटकाशी सोडलं.

"आता डावीकडे घे," आई म्हणाली.

"घर उजवीकडे आहे."

"आज गुरुवार आहे."

नोंदसाहेबांचा राग काही उतरला नव्हता. गाण्याच्या बाईंच्या दारापर्यंत ते दात आवळून गाडी चालवत होते. फोटो एव्हाना कुठं कुठं पोचला असेल, कचेरीत उद्या काय होईल, मेहुणा काय म्हणेल, सगळं डोक्यात घुमत होतं. दारात गाडी थांबली. ते उतरून पलीकडे जाणार, तोवर आईने दार उघडलं होतं, पाय बाहेर वळवले होते, आणि ती उभी होती. एकटी. गाण्याच्या बाई गॅलरीत आल्या.

"अगं बाई! आलीस? कंटाळा आला होता ना पत्त्यांचा?"

"तुझ्या लबाडीचा आला होता," आई खालून म्हणाली. "गाडी घेतली मुलाने. जरा चिकट आहे तो, प्लास्टिक काढू देत नाही. चालायचंच."

गाण्याच्या बाईंनी वरून नोंदसाहेबांकडे फार करुणेने पाहिलं. नोंदसाहेबांनी मान हलवली. आई जिना चढून दिसेनाशी झाली, आणि मग त्यांना समोरचं नीट दिसेना. राग आणि आनंद एकाच वेळी डोळ्यांत आले की असं होतं. रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी बाहीने डोळे पुसले.

संध्याकाळी ते न्यायला आले. वर पत्त्यांवरून जोरात भांडण चाललं होतं. बऱ्याच वेळाने आई खाली आली, जिंकलेली असावी, कारण घाईत होती. दार उघडून ती अशी काही टेकली आणि अशी काही वळली, की सीटची कड ओलांडून थेट नोंदसाहेबांच्या कोपरावर येऊन आदळली.

"अंग चोरून बस ना जरा," ती म्हणाली, आणि पट्टा लावला.